हातउसने पन्नास दिवसांचे



पालकसभा संपल्यावर काही आया वर्गात मागे रेंगाळतात. त्या मुलांच्या मार्कांसाठी थांबलेल्या नसतात, हे आता मला ओळखू येतं. मागच्या सत्रात आठवीतल्या एका मुलीची अम्मी अशीच थांबली. पर्समधून घडी केलेला कागद काढून म्हणाली, "टीचर, जरा वाचून सांगता का? आम्ही दर महिन्याला पैसे भरतो. एक महिनासुद्धा चुकवला नाही. मग हे कमी का होत नाही?"

कागद क्रेडिट कार्डाच्या बिलाचा होता आणि ती अगदी खरं बोलत होती. मिस्टर दर महिन्याला वेळेवर पैसे भरत होते. फक्त बिलावर दोन रकमा छापलेल्या असतात, 'एकूण देय' आणि 'किमान देय', त्यातली ते दुसरी भरत होते. मोबाइलवर बटण दाबलं की 'पैसे मिळाले, धन्यवाद' असा निरोप येतो. माणसाला वाटतं, झालं, या महिन्याचं देणं फिटलं.

मी भाषेची शिक्षिका. उर्दू आणि मराठी शिकवते, गणित माझा विषय नाही. पण हे बिल म्हणजे आधी भाषेचाच उतारा आहे, शब्द नीट वाचले तर अर्ध कोडं सुटतं. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर मराठीत ती 'उसनी' आणली म्हणतात. पैसे आणले तर 'हातउसने'. जेवढे आणले तेवढेच परत, वर एक पैसा नाही. आपण ज्याला कर्ज-ए-हसना म्हणतो, त्याच्या अगदी जवळचा हा शब्द आहे. मराठीत नुसतं 'कर्ज' म्हटलं की व्याज धरलेलंच असतं. उर्दूत मात्र कर्ज म्हणजे फक्त देणं, त्यावर चढतं ते सूद वेगळं. आणि 'क्रेडिट' म्हणजे पत, साख, एतबार. हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचा अर्थच विश्वास ठेवणं असा आहे.

आता कार्ड कसं चालतं ते बघा. समजा, तुमचं बिल दर महिन्याच्या १५ तारखेला निघतं आणि भरायला २० दिवस मिळतात. १६ जानेवारीला घेतलेल्या वस्तूचं बिल १५ फेब्रुवारीला निघेल आणि भरायची शेवटची तारीख ७ मार्च. म्हणजे ५० दिवस बँकेचे पैसे हातउसने मिळाले. तीच वस्तू १४ जानेवारीला घेतली असती तर बिल दुसऱ्याच दिवशी निघालं असतं आणि मुदत जेमतेम २१ दिवसांची उरली असती. या मुदतीत सगळे पैसे भरले तर सूद शून्य. पूर्ण भरले नाहीत तर हातउसने संपलं आणि सावकारी सुरू झाली, तीही मागल्या तारखेपासून. व्याज ७ मार्चपासून मोजत नाहीत, वस्तू घेतली त्या १६ जानेवारीपासून मोजतात. शिवाय जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत राहत नाही. आज त्याच कार्डावर किराणा भरला तर आजपासूनच त्यावर व्याज.

कार्ड घालून एटीएममधून रोख काढली तर हातउसन्याचा एक दिवसही मिळत नाही. त्याच क्षणापासून व्याज, वर काढण्याचं वेगळं शुल्क. एटीएम-मध्ये हे कार्ड कधीच घालू नये, एवढंच त्याबद्दल पुरे.

दर किती? बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास. ऐकायला साडेतीन म्हणजे काहीच नाही, पण वर्षाचे ते ४२ टक्के होतात. त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निकाल रद्द केला. त्यामुळे ठरावीक टक्क्यांचा असा कोणताही बांध आज बँकेपुढे नाही.

त्या अम्मीसमोर मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला, तो इथेही मांडते. तो ढोबळ आहे, बँकेगणिक थोडा इकडेतिकडे होईल. बाकी ४०,००० रुपये. किमान देय ५ टक्के, म्हणजे २,००० रुपये. ते भरले, राहिले ३८,०००. त्यावर महिन्याचं साडेतीन टक्के व्याज १,३३० रुपये आणि त्यावरचा जीएसटी सुमारे २३९. पुढच्या महिन्यात बाकी दिसते ३९,५६९. म्हणजे दोन हजार दिले आणि कर्ज कमी झालं ४३१ रुपयांनी. नवी काहीही खरेदी न करता वर्षभर असंच पाच-पाच टक्के भरत राहिलं, तर बारा महिन्यांत खिशातून सुमारे २२,६०० रुपये जातात आणि कर्ज ४०,००० वरून ३५,१०० वर येतं. जवळजवळ १७,७५० रुपये सूद आणि त्यावरच्या करात गेले. तिची मुलगी त्याच वर्षी आठवीच्या गणितात चक्रवाढ व्याजाचा धडा शिकत होती.

किमान रकमेमुळे कर्ज वर्षानुवर्षं लांबतं आणि व्याज चढत जातं, असा इशारा बिलावरच छापायला रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं आहे. तो छापलेला असतोही. पण बारीक अक्षरातला इशारा आणि मोठ्या रंगीत बटणावरची छोटी रक्कम यांत नजर कुठे जाते, हे सांगायला नको. माझ्या मते 'किमान देय' हे नावच फसवं आहे. 'कर्ज चालू ठेवण्याची फी' म्हटलं असतं तर निम्म्या लोकांनी ती भरलीच नसती.

आता आपल्या घरांतला खरा प्रश्न. हे कार्ड ठेवणं जायज आहे का? मी मुफ्ती नाही, फतवा देणं माझं काम नाही. उलेमांची मतं काय आहेत एवढं सांगते. इस्लामी देशांच्या संघटनेची जी आंतरराष्ट्रीय फिकह अकादमी आहे, तिने २००० साली रियाधच्या बैठकीत ठराव क्रमांक १०८ केला. ज्या कार्डाच्या करारात सूद देण्याची अट आहे ते घेणं जायज नाही, माणसाचा इरादा मुदतीत पैसे फेडण्याचा असला तरीही, असं त्यात म्हटलं आहे. कारण सही करताना सुदाची अट आपण कबूल करतो. दुसऱ्या बाजूला काही उलेमा गरज लक्षात घेऊन सवलत देतात, पण सूद लागण्याची वेळच येणार नाही अशी पक्की व्यवस्था केलेली असली पाहिजे, या अटीवर. आपल्या घराने कोणतं मत घ्यायचं ते आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारून ठरवा. पहिलं मत पटलं असेल तर डेबिट कार्ड आणि यूपीआयवर रोजचे जवळजवळ सगळे व्यवहार होतात, क्रेडिट कार्डावाचून घर अडत नाही. दुसरं मत पटलं असेल तर त्यातली अट विसरू नका. वेळेवर सगळे पैसे भरता येतील याची खात्री नसेल तर ती सवलत तुमच्यासाठी नाहीच. सूद भरत कार्ड वापरायला दोघांपैकी कुणीच हो म्हणत नाही.

आखातात कमावणाऱ्या घरांना तिथल्या इस्लामी बँकांची कार्डं ठाऊक असतात. त्यांची रचना वेगळी असते, बऱ्याच ठिकाणी सुदाऐवजी ठरलेली फी असते. पण वर 'इस्लामी' छापलंय म्हणून करार न वाचता सही करणं बरोबर नाही. फीसुद्धा खिशातूनच जाते.

ज्यांनी कार्ड ठेवायचं ठरवलं आहे त्यांनी करायची पहिली गोष्ट म्हणजे आपोआप भरणा लावणं. बँकेच्या खात्यातून बिल परस्पर वळतं करण्याची सोय असते. ती लावताना 'एकूण देय' की 'किमान देय' असा पर्याय विचारतात आणि तिथेच बरेच जण घाईत चुकीच्या चौकटीवर बोट ठेवतात. एकदा जाऊन बघा, तुमच्याकडे कोणता लावलाय. दुसरी गोष्ट बिलाच्या तारखेची. पगार एक तारखेला आणि भरण्याची शेवटची तारीख २८ असेल तर महिनाअखेरीला ओढाताण होणारच. बिलाचं चक्र बदलून मागण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी दिला आहे. शेवटची तारीख पगारानंतर आठ-दहा दिवसांनी येईल असं करून घ्या. (आम्हा शिक्षकांनी तर पंधरा दिवसांचं अंतर ठेवलेलं बरं, का ते विचारू नका.) एखाद्या वेळी चुकून तारीख निसटलीच तर घाबरू नका. तीन दिवसांहून जास्त उशीर झाल्याशिवाय बँकेला उशिराचा दंड लावता येत नाही, थकबाकीदार म्हणून नोंदही करता येत नाही. त्या तीन दिवसांत भरून टाका. व्याज मात्र तेवढ्या दिवसांचंही लागू शकतं.

मग लिमिट. बँकेचा फोन येतो, "अभिनंदन, तुमची लिमिट दोन लाख झाली," आणि घरात पगारवाढ झाल्यासारखा आनंद होतो. पतमर्यादा म्हणजे उत्पन्न नव्हे. किती कर्जात बुडायची मुभा आहे, एवढंच तो आकडा सांगतो. आपल्या संमतीवाचून बँकेला ती वाढवता येत नाही, आणि कमी करून मागायची तर आपण केव्हाही मागू शकतो. घरखर्च वीस हजारांचा असेल तर कार्डाची मर्यादा वीस-पंचवीस हजारांच्या वर कशाला हवी?

'नो कॉस्ट ईएमआय'बद्दल बहिणी फार विचारतात. फ्रिज २४,००० चा, बारा हप्ते दोन-दोन हजारांचे, व्याज शून्य. मग यात सूद कुठे आहे? शून्य टक्के व्याज अशी चीजच अस्तित्वात नसते, असं खुद्द रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बजावलं होतं. २०२२ च्या नियमांत पुन्हा सांगितलं की हप्त्यात व्याज दडलेलं असेल तर ते झाकून त्याला 'नो कॉस्ट' म्हणू नये, मुद्दल किती, व्याज किती आणि सूट किती हे वेगवेगळं दाखवावं. बहुतेक वेळा होतं असं की रोखीने घेणाऱ्याला मिळाली असती ती सूट व्याजाच्या जागी वळवतात. बँक आपल्याकडून व्याज घेतेच, दुकान तेवढी किंमत कमी करतं. व्याजावरचा जीएसटी आपल्याच माथी, कधीकधी प्रक्रिया शुल्कही. म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारा, "रोख दिले तर किती घ्याल?" दोन रकमांतला फरक म्हणजे त्या हप्त्यांची खरी किंमत. त्याला जायज म्हणायचं की नाही, हे पुन्हा आलिमांना विचारा, पण विचारताना बिलावरची व्याजाची ओळ त्यांना दाखवा. नुसतं 'नो कॉस्ट' सांगून फतवा आणू नका.

हल्ली उमराहची पॅकेजंसुद्धा कार्डाच्या हप्त्यांवर मिळतात. हज ऐपत असणाऱ्यावरच फर्ज आहे आणि उमराहसाठीही कुणी आपल्याला सुदाच्या हप्त्यात अडकायला सांगितलेलं नाही. दोन वर्षं थांबून, पैसे साठवून गेलात तरी काबा तिथेच आहे.

आणखी एक दुखणं आहे, त्यावर कुठे फारसं लिहिलं जात नाही. नात्यातलं कुणी म्हणतं, "भाभी, तुमचं कार्ड द्या ना, फोन घेतो, हप्ता मी देत जाईन." नाही म्हणायला जीभ रेटत नाही. दिरालाच नाही कसं म्हणायचं? पण बँकेच्या दृष्टीने तो फोन तुम्ही घेतला. हप्ता थकला तर व्याज तुमच्यावर, सिबिलचा स्कोअर तुमचा घसरतो आणि नातंही बिघडतं. पुरवणी कार्ड दुसऱ्याच्या नावावर काढून दिलंत तरी देणं मूळ कार्डधारकाचंच राहतं. मदत करायचीच असेल तर जेवढं झेपेल तेवढं रोख, हातउसने द्या आणि लिहून ठेवा. कार्ड देऊ नका.

लिहून ठेवा म्हटलं की आपल्याकडे लोकांना ओशाळल्यासारखं होतं. भावाभावांत कागद कशाला? कुरआन शरीफमधली सगळ्यात लांब आयत कोणती, हे मदरशात शिकणारं मूलही सांगेल, सूरह बकरहची २८२ वी. ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि त्याला साक्षीदार ठेवण्याबद्दल आहे. कार्डाच्या कर्जाला नेमका साक्षीदार नसतो. वाण्याची उधारी वाण्याच्या वहीत असते, मोहल्ल्याला ठाऊक असते. भिशीचा हप्ता कुणी चुकवत नाही, कारण बारा बायका बघत असतात. कार्डाची बाकी फक्त मोबाइलमध्ये, पासवर्डच्या आड. नवऱ्याच्या कार्डावर किती चढलंय हे बायकोला वसुलीवाल्याच्या फोनवरून कळतं, अशी घरं मी पाहिली आहेत. बिल आलं की त्या रात्री दोघांनी एकत्र बसून ते वाचावं, दहा मिनिटं लागतात. ज्या खरेदीबद्दल बायकोला किंवा नवऱ्याला सांगायची लाज वाटते, ती त्या दहा मिनिटांच्या धाकाने पुढच्या महिन्यात होत नाही.

आधीच अडकलेल्यांनी काय करावं? त्या अम्मीला मी जे सांगितलं तेच. पहिल्यांदा कार्ड वापरणं बंद, कारण बाकी असताना प्रत्येक नवी खरेदी पहिल्या दिवसापासून व्याज घेऊन येते. मग ते कर्ज बिनव्याजी देण्यात बदलता येतं का बघायचं. भाऊ, मामा, मोहल्ल्यातलं बैतुलमाल किंवा बिनव्याजी पतसंस्था, भिशीचा पहिला नंबर. कपाटात दागिना असेल आणि इकडे ४२ टक्क्यांनी सूद चढत असेल, तर तो विकणं शहाणपणाचं, कितीही जिवावर आलं तरी. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेला माणूसही आहे, हे आपण रमजानमध्ये पावत्या फाडताना विसरतो. सख्खा भाऊ खरोखरच त्या अवस्थेत असेल तर त्याला जकात देता येते, मसला विचारून घ्या.

बँक 'सेटलमेंट' देऊ करते, थोडे भरा आणि मोकळे व्हा म्हणते. गळ्याशी आलं असेल तर तोही मार्ग आहे. पण पतअहवालात 'पूर्ण फेडलं' असं न लिहिता 'तडजोड केली' असं लिहिलं जातं आणि पुढे वर्षानुवर्षं ते आड येतं. तडजोड करायचीच झाली तर बँकेचं लेखी पत्र हातात आल्याशिवाय पैसे भरू नका.

वसुलीच्या फोनचीही भीती असते. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. धमकावणं, शिवीगाळ करणं, नातेवाइकांना किंवा मित्रांना गाठून बेअब्रू करणं यालाही मनाई आहे. असं घडलं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत आणि १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. फोनवर ओटीपी विचारून कुणी फसवलं असेल तर १९३० वर लगेच, त्याच तासात कळवा. उशीर करत गेलं तर पैसे परत मिळण्याची आशा कमी होत जाते.

कार्ड बंद करायचं ठरलं तर बाकी शून्य करून लेखी मागणी करा. सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने ते बंद केलं पाहिजे. नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तिने तुम्हाला द्यायचे असतात. नुसतं कात्रीने कापून कचऱ्यात टाकलं तर ते बंद होत नाही, वार्षिक फी चालूच राहते.

शेवटी एक अवघड गोष्ट. आपल्याकडे जनाजाच्या नमाजेआधी मुलगा किंवा भाऊ पुढे येऊन सांगतो की मरहूमकडे कुणाचं काही येणं असेल तर आम्हाला भेटावं. वाणी भेटतो, मित्र भेटतो. बँक त्या सफमध्ये उभी नसते. कार्डाचं बिल महिन्या-दीड महिन्याने येतं, तोवर कदाचित तरका वाटूनही झालेला असतो. शरीअतप्रमाणे वाटणीआधी मय्यतचं कर्ज फेडायचं असतं. कायदाही मिळालेल्या मिळकतीच्या मर्यादेपर्यंतच वारसांकडून वसुली करू देतो. बापाने मागे काहीच ठेवलं नसेल तर मुलाला स्वतःच्या पगारातून ते भरायला भाग पाडता येत नाही, वसुलीवाला काहीही म्हणो. पण मुळात असं कार्ड होतं हे घरच्यांना ठाऊक तर हवं. म्हणून घरात जी वही असते, जिच्यात विम्याचे आणि बँकेचे नंबर लिहिलेले असतात, तिच्यात एक पान कार्डांसाठी ठेवा. बँकेचं नाव, कार्डाचे शेवटचे चार आकडे, बिलाची तारीख, भरायची तारीख, पैसे कोणत्या खात्यातून जातात ते, आणि कार्ड बंद करायचा फोन नंबर. वही कुठे ठेवली आहे ते घरातल्या आणखी एकाला सांगा. पिन मात्र त्या पानावर लिहू नका.